तांडव म्हणजे विनाशच का? नटराजाची मूर्ती वाचायची कशी

शेजारच्या वहिनींच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, तेव्हा आलेल्या भेटींमध्ये एक पितळी नटराज होता. चांगला हातभर उंच. सकाळी तो टीव्हीशेजारी उभा होता, संध्याकाळी गेले तर परत खोक्यात. "आमच्या सासूबाई म्हणतात, तांडव करणारा देव घरात नको. घराला शांतता लाभत नाही," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही वाचता ना हे सगळं? खरं काय ते एकदा सांगा."

दारात उभ्या उभ्या देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. म्हणून हा लेख.

सासूबाईंना बोल लावावा असं मला वाटत नाही. 'तांडव' हा शब्द आपल्या कानावर पडतो तरी कसा? पुराचं तांडव, आगीचं तांडव, मृत्यूचं तांडव. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडलं की मथळ्यात तो असतोच. दुसरीकडे हाच देव आपण नाटकाच्या मुहूर्ताला पुजतो, नृत्याच्या क्लासमध्ये त्याला नमस्कार करून पहिलं पाऊल टाकतो. सप्टेंबर २०२३ मध्ये जी-२० परिषदेसाठी दिल्लीत भारत मंडपमच्या पुढ्यात २७ फुटी नटराज उभा राहिला, तेव्हा त्याचं १८ टन वजन घरोघरी पोचलं. हा देव नेमकं करतोय काय, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही.

## आधी नुसतं बघू या

घराघरांत, हॉटेलांत आणि स्मृतिचिन्हांवर जो नटराज दिसतो, तो मूळचा तमिळनाडूतल्या कावेरीच्या खोऱ्यातला. सुमारे १००० वर्षांपूर्वी, चोळ राजांच्या काळात, तो धातूत या रूपाला आला. अर्थ क्षणभर बाजूला ठेवू आणि डोळ्यांना काय दिसतं तेवढंच पाहू.

चार हात. मागच्या उजव्या हातात डमरू, मागच्या डाव्या हातात ज्वाला. पुढच्या उजव्या हाताचा तळवा आपल्याकडे वळलेला, त्या हाताला नागाचा विळखा. पुढचा डावा हात छातीवरून आडवा गेलेला आणि हत्तीच्या सोंडेसारखा खाली झुकलेला. उजवा पाय गुडघ्यात वाकून एका ठेंगण्या माणसाच्या पाठीवर रोवलेला, डावा पाय उचलून आडवा धरलेला. जटा दोन्ही बाजूंना पसरलेल्या. त्यांत चंद्रकोर, कवटी, धोतऱ्याचं फूल आणि हात जोडलेली बोटभर गंगा. सभोवती ज्वालांची प्रभावळ.

कान नक्की बघा. दोन्ही कानांतले दागिने वेगवेगळे असतात. उजव्या कानात पुरुषाचं कुंडल, डाव्या कानात बाईचं कर्णभूषण. शिव आणि शक्ती एकच आहेत हे अर्धनारीश्वराच्या मूर्तीत अख्खं शरीर दुभागून दाखवावं लागतं, इथे तेवढ्या दोन दागिन्यांवर भागवलंय.

आणि मग चेहरा. जटा वाऱ्यावर आहेत, कमरेच्या शेल्याचं टोक उडतंय, म्हणजे अंगाला गिरकीचा वेग आहे. पण मान सरळ, नजर स्थिर, ओठांवर पुसटसं हसू. गवंडी भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा सोडतो, तसा या मूर्तीच्या कपाळावरून मनातल्या मनात एक ओळंबा सोडून पाहा. चांगल्या चोळ मूर्तीत तो साधारण रोवलेल्या पायाच्या टाचेजवळ येतो. दोन हात एकीकडे, दोन दुसरीकडे, एक पाय हवेत, तरी तोल कुठे ढळत नाही. संतापानं बेभान झालेला माणूस असा दिसत नाही.

## पाच कामं, एक देह

शैव परंपरा मानते की शिवाची कामं पाच आहेत. त्यांना पंचकृत्य म्हणतात: निर्माण करणं, सांभाळणं, मोडणं, झाकणं आणि कृपा करणं. तेराव्या शतकातल्या 'उण्मै विळक्कम' या छोट्याशा तमिळ ग्रंथात ही पाचही कामं नटराजाच्या एकेका अवयवाला जोडून दिली आहेत. मूर्ती वाचायची ही सगळ्यात जुनी आणि सगळ्यात सरळ किल्ली.

डमरूतून निर्मिती होते. सृष्टीची सुरुवात नादातून, ही कल्पना आपल्याला परकी नाही. पाणिनीच्या व्याकरणाचा पाया असलेली चौदा माहेश्वर सूत्रं शिवाच्या डमरूतूनच निघाली अशी आख्यायिका आहे. पहाटे कुडमुडं वाजवत येणारा जोशी ज्यांनी पाहिलाय, त्यांना एवढ्याशा वाद्याचा आवाज किती लांब जातो ते माहीत असेल. त्याच्या बरोबर समोर, डाव्या हातात आग. ती मोडते, जाळते. बघण्यासारखी गोष्ट अशी की हे दोन्ही हात जवळजवळ एकाच उंचीवर असतात. मूर्तिकारानं एकाला वर, दुसऱ्याला खाली केलेलं नाही. आग असल्याशिवाय डमरूला अर्थ नाही, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावं लागत नाही. जुनं पीक निघाल्याशिवाय नवी पेरणी कुठे करणार?

पुढचा उजवा तळवा सांभाळतो. अभयमुद्रा म्हणजे 'भिऊ नकोस'. स्वामी समर्थांचं वचन रिक्षाच्या मागे नि दुकानाच्या काचेवर आपण रोज वाचतो, तेच इथे एका तळव्यानं सांगितलंय. त्याच हाताला नाग आहे, ज्याला बघून आपल्याला भीती वाटते तो.

चौथं काम जरा अवघड. रोवलेला पाय झाकतो. याला तिरोभाव म्हणतात. देवानं काय झाकावं आणि कशासाठी? 'नटराज' या नावातच उत्तर आहे. नट रंग लावतो, टोप चढवतो आणि स्वतःला लपवतो. कालपर्यंत ज्याच्याशी चहा प्यायलो तो मित्र रंगमंचावर आला की आपल्याला दिसेनासा होतो, समोर फक्त राजा उभा असतो. तो मधेच टोप काढून "अरे, मीच आहे" म्हणाला तर नाटक तिथेच बंद पडेल. हे जग चालण्यासाठी देवही स्वतःला असाच झाकून घेतो, असं शैव विचार सांगतो. या चौथ्या कामाचा उल्लेख सोपी स्पष्टीकरणं बहुधा गाळतात. मला तर तेच सगळ्यात सुंदर वाटतं, कारण देव दिसत का नाही या रोजच्या प्रश्नाला त्यात जागा आहे.

आणि पाचवं काम, कृपा, ते उचललेल्या डाव्या पायात आहे.

आता सोंडेसारख्या चौथ्या हाताकडे या. तो काही धरत नाही, काही देत नाही. तो फक्त दाखवतो, आणि दाखवतो त्या उचललेल्या पायाकडे. छातीवरून आडवा जाऊन तो देवाचं निम्मं शरीर आपल्या नजरेआड करतो आणि म्हणतो, इकडे बघ. पंढरपूरला तासन् तास रांगेत उभं राहून लोक शेवटी कशापाशी वाकतात? पायांपाशी. मुखदर्शन लांबून होतं, पदस्पर्शाची रांग वेगळी असते. विठोबा विटेवर समचरण उभा आहे, दोन्ही पाय एका पातळीवर. नटराजाचा एक पाय जगाला झाकतो आणि दुसरा आपल्यासाठी वर उचललेला. भक्ताला काय हवं हे दोन्हीकडे एकच आहे.

## मग पायाखालच्याला मारून का टाकत नाही?

पायाखाली आहे तो अपस्मार. तमिळमध्ये त्याला मुयलकन म्हणतात. आयुर्वेदात अपस्मार म्हणजे फेफरं, पण मूर्तीतला अर्थ आजाराशी जोडू नये. अप आणि स्मर, म्हणजे स्मरण जाणं, विसरणं. आपण मुळात कोण आहोत याचा विसर पाडणारा तो हा.

गोष्ट अशी सांगतात. दारुकावनातल्या ऋषींना आपल्या यज्ञयागांचा अहंकार झाला. शिव भिक्षेकऱ्याच्या रूपात तिथे आला तेव्हा त्यांनी चिडून मंत्रबळानं त्याच्यावर वाघ सोडला, शिवानं त्याचं कातडं पांघरलं. नाग सोडले, ते त्यानं अंगावर ल्याले. शेवटी हा ठेंगू राक्षस धावून आला, शिवानं त्याच्या पाठीवर पाय दिला आणि नाचू लागला. म्हणजे अंगावरची कितीतरी भूषणं ही मुळात त्याला मारायला पाठवलेली हत्यारं आहेत.

जवळून पाहिलंत तर अपस्मार मेलेला नसतो. तो मान वर करून बघत असतो, हातात नाग धरलेला असतो. त्याला ठार का केलं नाही याचं परंपरेतलं उत्तर असं, की विसर कायमचा मरत नाही. घरातला केर एकदा काढला म्हणून संपतो का? उद्या परत झाडू घ्यावाच लागतो. अज्ञानावर पाय ठेवून राहावं लागतं, आणि हा पाय ज्यानं ठेवलाय तो कपाळाला आठ्या न घालता ते करतोय.

## तांडव म्हणजे नेमकं काय?

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे. भरताच्या नाट्यशास्त्रात चौथा अध्याय तांडवाचा आहे. शिवाच्या सांगण्यावरून त्याच्या गणांपैकी तंडूनं हे नृत्य भरताला शिकवलं आणि तंडूवरून तांडव हे नाव पडलं, अशी तिथली कथा आहे. त्या अध्यायात १०८ करणं दिली आहेत. करण म्हणजे हातापायांच्या हालचालींचं एक घटकवाक्य, जसा तबल्याचा एखादा बोल. प्रलय, संहार, राग हा त्या अध्यायाचा विषयच नाही. विषय आहे देवाच्या स्तुतीसाठी केलेलं जोरकस नृत्य.

नटराजाची ही उभी राहण्याची तऱ्हा त्यातल्या 'भुजंगत्रासित' या करणाशी जुळते असं अभ्यासक मानतात. नावातच चित्र आहे. बांधावरून चालताना अचानक पायाशी साप दिसला तर आपण काय करतो? पाय झटकन वर घेतो, कंबर वळते, हात आडवा येतो. तो दचकण्याचा क्षण नाचात बांधला की हे करण होतं. इथे सापाला बघून दचकायचं कारण ज्याला नाही, त्याच्याच अंगावर साप आहेत.

शिवाची तांडवं परंपरेनं अनेक मानली आहेत, त्यात संहाराचंही आहे. ते नाकारून चालणार नाही. पण तमिळनाडूतल्या चिदंबरमच्या देवळातला नटराज, ज्याचं रूप आपल्या शोकेसमध्ये असतं, तो आनंदतांडव करतो. मूर्ती घरात ठेवावी की नाही हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा आणि घरच्या रिवाजाचा भाग, त्यात मी पडणार नाही. मात्र 'तो विनाश करतोय म्हणून नको' हे कारण या मूर्तीत सापडत नाही. पाचांतलं एक काम मोडण्याचं आहे, आणि तेही एका तळहातावर मावेल एवढ्या ज्वालेत.

## पण घारापुरीला तर नटराज असा नाही!

हा प्रश्न मुंबईकर हमखास विचारतात, आणि बरोबर विचारतात. घारापुरीच्या मोठ्या लेण्यात उत्तरेच्या दारातून शिरलं की एका हाताला ध्यानस्थ योगी शिव आणि दुसऱ्या हाताला नाचणारा शिव. साधारण सहाव्या शतकातली ही शिल्पं. नाचणाऱ्या शिवाचे हात आज तुटलेले आहेत, तरी कमरेचा बाक बघून थांबायला होतं. वेरूळच्या २१व्या लेण्यातही तो आहे, सोबत वादक घेऊन. कर्नाटकात बदामीला तर त्याला १८ हात आहेत. पण यांच्यापैकी कुणाच्या भोवती ज्वालांचं कडं नाही, कुणी अपस्मारावर उभा नाही आणि कुणाचा पाय असा आडवा हवेत नाही.

संप्रदाय आणि काळ वेगळे, हे एक कारण. दुसरं कारण अगदी कारागिरीचं आहे. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. दगडातून मोकळा पाय आडवा काढला, त्याच्यासमोर हात काढले, केस पसरले, तर आज ना उद्या काहीतरी तुटणार. म्हणून लेण्यांतला नर्तक पाठीमागच्या भिंतीला धरून असतो. धातूला ही अडचण नाही. तिथे पाय मोकळा राहतो, जटा पसरतात, शेल्याचं टोक उडत जाऊन प्रभावळीला टेकतं, आणि ते टेकणं दिसायला सुंदर असतंच, शिवाय आधारही देतं.

या रूपाला मोठं केलं ते एका विधवा राणीनं, सेंबियन महादेवीनं. दहाव्या शतकातली ही चोळ राणी, गंडरादित्य राजाची पत्नी. चिदंबरमच्या देवावर पदं रचणारा हा राजा लवकर गेला आणि पुढची कित्येक दशकं तिनं कावेरीकाठची विटांची जुनी देवळं दगडात बांधून काढली. त्या देवळांच्या कोनाड्यांत नटराज बसू लागला आणि धातूतही घडू लागला. तिच्या डोळ्यांदेखत वाढलेला राजराज पहिला याने तंजावरचं बृहदीश्वर मंदिर उभं केलं, ते १०१० च्या सुमारास पुरं झालं. तिथल्या नटराजाचं नाव आडवल्लान, म्हणजे नाचण्यात निपुण असलेला. धान्य मोजायच्या मापालाही तेच नाव दिलं होतं. आपल्याकडच्या पायलीला विठोबाचं नाव असावं, तसं.

## मेण जातं, धातू येतो

कुंभकोणमजवळच्या स्वामिमलै गावात आजही स्थपती, म्हणजे परंपरेनं मूर्ती घडवणारे कारागीर, जुन्याच पद्धतीनं काम करतात. दिल्लीचा २७ फुटी नटराज तिथल्याच घराण्यानं घडवला.

मधमाश्यांचं मेण, राळ आणि थोडं तेल एकत्र वितळवून त्याची अख्खी मूर्ती हातानं करतात. बोटं, नखं, दागिन्यांचे मणी, सगळं मेणात. मग तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मऊसूत मातीचा पातळ लेप. हा लेप मेणाच्या प्रत्येक रेषेत शिरतो, म्हणून पहिला हात फार हलका लागतो. तो सावलीत वाळला की वर जाड मातीचे थर. मग गोवऱ्यांच्या आगीत हा गोळा तापवतात, आतलं मेण वितळून भोकातून वाहून जातं आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत वितळलेला धातू ओततात. थंड झाल्यावर माती फोडतात.

पेणच्या गणपतीशी ताडून पाहा. तिथे एका साच्यातून शेकडो गणपती निघतात, कारण साचा टिकतो. इथे मेणाची मूर्ती वितळते आणि मातीचा साचा फुटतो. दोन्ही परत मिळत नाहीत. म्हणून या पद्धतीनं घडलेला प्रत्येक नटराज एकटा असतो, आणि ओतताना कुठे हवा अडकली तर महिन्यांची मेहनत गेली.

जुन्या संस्कृत ग्रंथांत याला मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेलं, मेण. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात ही कृती आहे. मेणाच्या मूर्तीचं वजन करावं आणि त्यावरून किती धातू लागेल ते काढावं, इथपर्यंत तपशील आहे. जाता जाता सांगते, महाराष्ट्रात बाया कांडताना ओवी गातात ही जुनी नोंदही याच ग्रंथातली. मूर्ती ओतणाऱ्याची आणि उखळाशी बसलेल्या बाईची दखल एकाच राजानं घेतली, हे मला फार भावतं.

## हे सगळे अर्थ नंतर चिकटवलेले तर नाहीत?

शंका रास्त आहे. मूर्ती दहाव्या शतकात नावारूपाला आली आणि अवयवागणिक अर्थ देणारा ग्रंथ तेराव्या शतकातला. मधे तीनेकशे वर्षं. सेंबियन महादेवीच्या स्थपतीनं हातोडी उचलताना 'हा पाय म्हणजे तिरोभाव' असं मनात म्हटलं असेल, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. काही अभ्यासक तर या नृत्यात स्मशानात नाचणाऱ्या शिवाची जुनी आठवण पाहतात, काही जण चोळांच्या सत्तेची खूण पाहतात. आज आपण पुस्तकांत आणि माहितीफलकांवर वाचतो ते स्पष्टीकरण जगभर पोचलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आनंद कुमारस्वामी यांनी लिहिलेल्या निबंधामुळे.

तरीही सगळं नंतरचं आहे असं म्हणणंही चूक. सातव्या शतकातला तमिळ संतकवी अप्पर चिदंबरमच्या या नर्तकासमोर उभा राहून त्याच्या कमानदार भुवया, ओठांवरचं हसू, ओल्या जटा, पोवळ्यासारख्या अंगावरची भस्माची पांढरी रेघ आणि तो उचललेला पाय वर्णन करतो, आणि म्हणतो की हे बघायला मिळणार असेल तर माणसाचा जन्मही हवासा आहे. धातूची मूर्ती घडण्याआधी दोन-तीनशे वर्षं एका भक्ताची नजर त्या पायावर खिळली होती. ग्रंथकारानं पुढे त्याची व्यवस्था लावली. ज्ञानेश्वरीआधी गीता होती आणि गीतेआधी माणसाची घालमेल होती, तसाच हा क्रम.

## अणुविज्ञानाशी त्याचा संबंध आहे का?

जिनिव्हाजवळ सर्न ही अणूच्याही आतले कण अभ्यासणारी प्रयोगशाळा आहे. तिच्या आवारात २००४ साली भारत सरकारनं भेट दिलेला दोन मीटर उंचीचा नटराज बसवला. तेव्हापासून 'आपल्या पूर्वजांना क्वांटम विज्ञान ठाऊक होतं' असे संदेश फोनवर फिरतात. तसं काही नाही. कण सतत जन्मतात, नाहीसे होतात, या गोष्टीला नटराजाची उपमा शोभून दिसते, म्हणून तो तिथे आहे. उपमा म्हणजे पुरावा नव्हे. चोळ स्थपतींना कणांची समीकरणं माहीत नव्हती. त्यांना वितळलेल्या तांब्याचा रंग बघून ओतायची वेळ कळत होती. त्यांच्या नावावर आपल्या काळातलं ज्ञान चढवलं की त्यांचं स्वतःचं ज्ञान झाकलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

## काचेआडचा आणि खांद्यावरचा

हे सगळं मला उलगडलं ते तंजावरला. तिथल्या मराठा राजवाड्यातल्या कलादालनात चोळ काळातल्या धातुमूर्ती आहेत. व्यंकोजीराजांच्या वंशजांच्या वाड्यात राजराजाच्या काळचे देव, हा योग आपल्यासाठी खासच. एका नटराजाभोवती मी फिरून पाठीमागे गेले. पाठ तेवढ्याच निगुतीनं घडवलेली होती: डोक्यामागचं चक्र, मानेवर रुळणाऱ्या बटा, शेल्याची गाठ. आणि पुढून नाकाचा शेंडा, हनुवटी, छातीवरचे दागिने गुळगुळीत झालेले. शतकानुशतकं दूध, चंदन, पाणी घालून हातांनी चोळल्याची ती झीज.

कोनाड्यात बसायच्या देवाची पाठ कुणी एवढी घडवत नाही. या मूर्ती उत्सवमूर्ती आहेत. गाभाऱ्यातलं दगडी लिंग हलत नाही, म्हणून मिरवणुकीसाठी धातूचा देव. जेजुरीला सोमवतीला खंडोबाची पालखी कऱ्हेवर जाते, कोकणात शिमग्याला पालखी खांद्यावर नाचवतात, तसंच. मिरवणुकीत निम्मी माणसं देवाच्या मागून चालतात. त्यांना पाठ दिसते. जटा उडताहेत, ज्वाला थरथरताहेत असा भास खांद्यांच्या हेलकाव्यात आणि दिवट्यांच्या उजेडात होतो. संग्रहालयाच्या स्थिर दिव्याखाली तो निम्मा मरतो.

मूर्ती देवळातून गेल्या कशा, ही वेगळी आणि दुःखाची कहाणी. तंजावर जिल्ह्यातल्या पत्तूर गावात १९७६ मध्ये जमिनीत सापडलेला नटराज लंडनला पोचला. तिथल्या कोर्टात दावेदारांमध्ये देवाचंही नाव होतं. देऊळ कायद्यानं व्यक्ती आहे हे मानलं गेलं आणि १९९१ मध्ये तो परत आला. श्रीपुरंतान गावचा नटराज ऑस्ट्रेलियातल्या राष्ट्रीय कलादालनानं २००८ साली सुमारे ५० लाख डॉलरना घेतला होता. चोरीचा निघाल्यावर २०१४ मध्ये तो परत मिळाला.

खुद्द चिदंबरमचा देवही एकदा घर सोडून गेला होता. सतराव्या शतकातल्या धामधुमीत, १६४८ मध्ये, मूर्ती बाहेर नेऊन लपवली गेली आणि ती परतली १६८६ मध्ये. तेव्हाच्या ताम्रपटांत संभाजी महाराजांचं नाव आहे. अडतीस वर्षं गाभारा त्याच्यावाचून होता.

चिदंबरम या जागेचं जुनं नाव तिल्लै, ते खारफुटीतल्या एका झाडावरून पडलं. इथली रीत इतर देवळांहून निराळी आहे. इथे गाभाऱ्यातला मुख्य देवच नटराज, आणि उत्सवाला बाहेर येतो तोही तोच, वर्षातून दोनदा. एक उत्सव जून-जुलैत. दुसरा डिसेंबर-जानेवारीत, आर्द्रा नक्षत्रावर. त्या दिवशी घरोघरी तांदूळ-गुळाची 'कळी' करतात. आदल्या दिवशी देव आणि शिवकामी अम्मा, म्हणजे इथली पार्वती, रथांत बसतात आणि देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून लोक दोर ओढतात.

रथातला देव रेशमानं आणि हारांनी पुरता झाकलेला असतो. डमरू फुलांत हरवतो, अपस्मार वस्त्राखाली जातो, ज्या तपशिलांवर मी एवढं लिहिलं त्यातलं फारसं काही दिसत नाही. गर्दीतून दिसतो तो चेहरा, दिसतो अभय देणारा तळवा, आणि रेशमाच्या चुण्यांतून बाहेर आलेला तो उचललेला डावा पाय.